सुखात असल्याचं पत्र

१४ सप्टेंबर २०२५

सवे,

पोचले. फोन केला नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. पण आधी ऐक. इथं दिवसभर इतकं बोलावं लागतं, तेही सावकाश, एकेक शब्द सुटा करून, की संध्याकाळी खोलीवर आलं की जीभ हलवायला नको वाटतं. शिवाय तुझ्या घरी फोन म्हणजे स्पीकरवर. तू, मच्छिंद्रदाजी, सोनम सगळे कान लावून बसणार आणि मधेच तुझ्या सासूबाई ओरडणार, "जेवली का गं?" म्हणून आपण लिहायचं. मी मेल करीन, तू वहीच्या कागदावर लिहून फोटो पाठव. शिरूरच्या शाळेत शिकवताना आठ वर्षं एका बाकावर डबा खाल्लाय आपण, एवढं जमायला हरकत नाही.

गाव हनोईपासून बसनं निम्म्या दिवसाच्या वाटेवर आहे. व्हिएतनाम म्हटल्यावर आमच्या आबांना वाटलं होतं की तिथं अजून लढाई चालू आहे. त्यांना सांग, लढाई नाही, फक्त दुचाक्या आहेत. शनिवारच्या बाजाराला शिरूरच्या स्टँडवर असतात तेवढ्या इथं रोज.

पहिल्या दिवशी मला चौथीच्या वर्गावर नेलं. पन्नासेक पोरं. मी आत पाय टाकला आणि सगळी ताडकन उभी. "गुऽड मॉर्निंऽग टीचर!" शेवट लांबवून, एका सुरात. अगं, डिट्टो आपला पाचवी ब! मला वाटलं, हात्तिच्या, एवढं विमानात बसून आले ते इथंच यायला? मग मी विचारलं, "हाउ आर यू?" तर पन्नास तोंडांतून, "आय ॲम फाइन, थँक्यू, अँड यू?" पहिल्या बाकावर एक पोरगी डोळे चोळत रडत होती. जवळ जाऊन विचारलं, काय झालं? तर हुंदके देत तीही तेच म्हणाली, आय ॲम फाइन, थँक्यू, अँड यू. मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं.

मी कमरेला छोटा स्पीकर बांधते आणि गालापाशी माइक. आपल्याकडं भंगारवाला गल्लीतून ओरडत जातो ना, तशी दिसते. आम्हाला शाळाशाळांत शिकवायला पाठवणारं एक इंग्रजीचं सेंटर आहे, तिथल्या मॅडमचं नाव लान. माझ्याच वयाची, बारीक, बोलायला गोड. तिनं दोनच नियम सांगितले. एक, वर्गात सतत हसायचं, कारण कॅमेरा असतो आणि आईबाप घरून बघतात. दोन, भारतातून आले असं आपणहून सांगायचं नाही. 'फॉरेन टीचर' एवढंच. सेंटरच्या बोर्डावर सोनेरी केसांच्या बाईचा फोटो आहे. ती कोण विचारलं तर म्हणाली, "नोबडी."

गाल दुखतात गं. हसून गाल दुखतात हे मला ठाऊकच नव्हतं.

तुझी,
हर्षदा


२८ सप्टेंबर २०२५

हर्षे, भवाने,

पत्र मिळालं. मच्छिंद्रनं विचारलं, कुणाचं एवढं लांबलचक? म्हटलं, माझ्या सवतीचं.

घटस्थापनेला यवतला माहेरी गेले होते, न्हावऱ्यावरून. चौफुल्याला उतरले तर समोर तू! अगं, तुझा फ्लेक्स. हणमंतानं लावलाय. "आमच्या भगिनी हर्षदाताई यांची परदेशात इंग्रजीच्या प्राध्यापिकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली पंधरा-वीस पोरांचे गॉगल घातलेले फोटो. तुझ्यामागं एक विमान आणि ते लंडनचं मोठं घड्याळ. तुझा भाऊ तिथंच होता, त्याला म्हटलं, "हणमंता, ती व्हिएतनामला हाय ना रं?" तर म्हणतो, "ताई, फ्लेक्सवाल्याकडं व्हिएतनामचं कायबी नव्हतं." आणि तुमचे आबा! फ्लेक्सच्या बरोब्बर खाली बाकडं टाकून चहा पीत बसलेत. येणारा-जाणारा विचारतो, आबा, ही कोण? की झालं, सुरू. आयुष्यभर मेंढरांमागं हिंडले, आता लेकीमागं फ्लेक्सपर्यंत चालत येतात म्हणे रोज. मला इतकं बरं वाटलं ना.

शाळेत तुझा नववीचा वर्ग माझ्याच गळ्यात आलाय. शिकवायचं तेवढं सोडून सगळं करते. फोटो काढ, अपलोड कर, खिचडीची माहिती भर, सर्व्हर डाऊन, पुन्हा भर. माझ्या मान्यतेचा प्रस्ताव संस्थेनं वर पाठवलाय म्हणतात. आता ह्या खेपेला नक्की होईल म्हणतात, मग सरकारी पगार सुरू. मच्छिंद्र रांजणगावला ठेकेदाराकडंच. तो कामाला निघतो तेव्हा मी घरी येत असते, वाटेत गाडीवरून एकमेकांना हात करतो. हा आमचा संसार.

म्हणून आता मुद्द्याचं. मला पण यायचंय, तिकडं, तुझ्याकडं. दोन वर्षं काढायची आणि परत यायचं. सोनम चार वर्षांची झाली, झोपते तर आजीजवळच. सासूबाईंना अजून सांगितलं नाही. पण इथला राजीनामा दिला की मान्यता गेली, आठ वर्षांचं पाणी झालं, हे मला कळतं. म्हणून तुला विचारते. तू खरं सांग, कसं आहे? तुझ्या शब्दावर मी ठरवणार.

सवी


१२ ऑक्टोबर २०२५

सवे,

खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. येऊ नकोस.

माणसं वाईट नाहीत. खालची घरमालकीण मला दाराशी पपई आणून ठेवते. पोरं तर गोडच आहेत, तास संपला की पायाला मिठी मारतात. पण सवे, हे शिकवणं नव्हे. मी चार शाळांत फिरते, एका पोऱ्याच्या मागं गाडीवर बसून, पावसात. एक वर्ग आठवड्यातून एकदा. सोमवारी ॲपल, बनाना, मँगो, आणि शनिवारपर्यंत तेच, ॲपल, बनाना, मँगो. दहावीला धडे शिकवणारी बाई मी, इथं केळ्याचं चित्र हातात घेऊन उड्या मारते. शिरूरला मला वर्गातल्या एकेका पोराचं घर माहीत होतं. कुणाचा बाप शिफ्टला असतो, कोण सकाळी दूध घालून येतो, सगळं. इथं एकाचंही नाव धड घेता येत नाही. नावं चढवून-उतरवून म्हणतात, मी म्हटलं की हसतात, म्हणून आता मी बोटच दाखवते.

दुपारी सगळी शाळा झोपते. खरंच, जमिनीवर चटया टाकून पोरं आणि मास्तरही झोपतात. ती एक गोष्ट मला मनापासून आवडली. मी पण आडवी होते आणि छताकडं बघत राहते. मराठी बोलायला कुणी नाही. परवा कपडे धुताना मी स्वतःशीच मोठ्यानं बोलत होते, ते ऐकून घरमालकीण वर आली.

तू मान्यतेची वाट बघ. आठ वर्षं काढलीस, अजून थोडं. सोनमला सोडू नकोस.

हर्षदा


२६ ऑक्टोबर २०२५

हर्षे,

दिवाळी झाली. चिवड्याचा फोटो पाठवलाय, बघून घे.

तुझं पत्र वाचलं आणि हसले. खोटं नाही सांगत, हसले. म्हटलं, बाई माझी सातासमुद्रापार गेली पण दौंड तालुक्याची ती दौंड तालुक्याचीच राहिली! अगं, मी काय तुला आज ओळखते? यवतला आमच्या चुलत्यांना विचार, आप्पा, ऊस कसा हाय? "कसला ऊस न् कसलं काय, हुमणीनं खाल्ला समदा." आणि गळीत संपायच्या आत दारात नवा ट्रॅक्टर. तुमच्या आबांना कुणी विचारलं, मेंढरं किती? तर "हायती आपली धा-पाच." वाडग्यात बघावं तर पाय ठेवायला जागा नाही. आपल्याकडं बरं चाललेला माणूस कधी बरं चाललंय म्हणतो का? दृष्ट लागते ना!

तेव्हा तुझं ते पाऊस, पपई, गाल दुखतात, सगळं समजलं मला. पपई दाराशी येते म्हणे, आणि वर रडणं! दुपारी शाळेत झोपायला मिळतं आणि वर रडणं! इथं मला दुपारी डबा उघडायला मिळत नाही. तू चांगली मजेत आहेस आणि सांगायला घाबरतेस. माझी नजर लागणार नाही गं तुला. माझ्याशी कशाला हा हिशेबीपणा?

मी त्या पुण्याच्या एजन्सीत नाव दिलंय. तुझ्याच सेंटरला जागा आहे म्हणाले. मच्छिंद्र म्हणतो, बघ तुझं तू. ह्याचा अर्थ जा असाच.

सवी


९ नोव्हेंबर २०२५

सविता,

मी ऊस नाही. मी मेंढरं नाही. मी दमलेय असं लिहिते तेव्हा त्याचा अर्थ मी दमलेय एवढाच असतो. तू माझं पत्र असं उलटं करून वाचणार असशील तर मी लिहायचं तरी कसं, ते तूच सांग.

ऐक. गेल्या आठवड्यात पालकांची मीटिंग झाली. मी नवीन ड्रेस घालून, हसत उभी. एक आई उठली आणि लानला काहीतरी म्हणाली. लाननं मला सांगितलं नाही. पण सोबतच्या असिस्टंट पोरीनं नंतर भीत भीत सांगितलं, ती म्हणाली की आम्ही फोटोतल्या बाईसाठी पैसे भरले होते. दुसऱ्या दिवसापासून तो वर्ग माझ्याकडून काढला. लान रागावली नाही. ती म्हणाली, "स्माइल मोअर." सवे, मी खोलीवर येऊन आरशात हसून बघितलं. अजून किती हसायचं असतं तेच मला समजेना.

घसा बसायला लागलाय. माइक लावूनही ओरडावं लागतं, कारण शेजारच्या वर्गातही माइक असतो. मीठ-पाण्याच्या गुळण्या करते. थंडी पडलीय, चार दिवसांत कपडे वाळत नाहीत, बॅगेला बुरशी आली. इथं चहात दूध घालत नाहीत आणि घातलं तर बर्फही घालतात.

हे सगळं घरी कुणाला सांगितलेलं नाही. आईला फोनवर छान छान म्हणते, आणि आबा तर फोनवर येतच नाहीत, लांबूनच ओरडतात, "बरी हायेस नव्हं?" आणि तू म्हणतेस त्या फ्लेक्सखाली बसतात. त्यांना मी काय सांगू? तुला सांगते, कारण तू एकटीच आहेस जिला सांगता येतं. तू ये, असं मला वाटतं. रोज वाटतं. म्हणूनच सांगते, येऊ नकोस. इथं येऊन तू काय करशील, तर मी करते तेच.

हर्षदा


२० नोव्हेंबर २०२५

हर्षदा,

वाचलं. दोनदा वाचलं. आता मी बोलते, तू ऐक.

तू अर्ज केलास तेव्हा तुझी कागदपत्रं घेऊन पुण्याला कोण आलं होतं? मी. तू जाणार म्हणून तुझे तास कुणी उचलले? मी. आणि आता मला यायचंय म्हटल्यावर तिकडं सगळं वाईटच वाईट. तुला जमलं आणि मला जमणार नाही, असं आहे ना? का फ्लेक्सवर एकटीचाच फोटो हवाय? तू पहिल्यापासून अशीच आहेस. स्पर्धेला पोरं न्यायची तर तू, सत्कार घ्यायचा तर तू, आणि खुर्च्या उचलायला सविता. मनात होतं ते बोलून टाकलं, वाईट वाटलं तर वाटू दे.

माझा इंटरव्ह्यू झाला. तुझ्या त्याच लानमॅडमनं घेतला. फार छान बोलली. तुमची मैत्रीण खूप हार्डवर्किंग आहे म्हणाली. निवड झाली माझी. फेब्रुवारीत त्यांचा नववर्षाचा सण झाला की रुजू व्हायचं. जानेवारीच्या मध्याला इथं राजीनामा देणार.

घरात सांगितलं. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नुसत्या भांडी आपटतात. सोनमला मांडीवर घेऊन माझ्याकडं पाठ करून बसतात. त्यांचं मी समजू शकते, त्यांनी शिरूर सोडून जग बघितलं नाही. तू तर बघितलंयस.

पुन्हा 'येऊ नकोस' असं लिहिणार असशील तर लिहूच नकोस. 'ये' म्हणायचं असेल तर लिही.

सविता


४ जानेवारी २०२६

प्रिय सविता,

बऱ्याच दिवसांत पत्र लिहायला जमलं नाही, रागावू नकोस. नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

तुझंच बरोबर होतं. नवीन होते म्हणून सुरुवातीला मला जड गेलं, एवढंच. आता सगळं छान आहे. खोली छान आहे, शाळा छान आहे, मुलं छान आहेत. मॅडम फार जीव लावतात. खाण्यापिण्याची काही आबाळ नाही. कशाला काही कमी नाही. मी इथं अगदी सुखात आहे.

तू ये. दोघी राहू. माझी काही काळजी करू नकोस. दाजींना, सासूबाईंना नमस्कार सांग, सोनमला गोड पापा.

तुझी,
हर्षदा


१० जानेवारी २०२६

हर्षे,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. तीन फाडली.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेतून येऊन चहा टाकत होते. वाचलं आणि उडीच मारली. जिंकले म्हटलं! मच्छिंद्र पहिली पाळी करून आला होता, सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या, सोनम त्यांच्या पाठीवर लोंबकळत होती. मी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. खास सासूबाईंना ऐकवायला, खोटं कशाला सांगू. खोली छान, मॅडम जीव लावतात, कशाला काही कमी नाही. वाचून झालं आणि मी त्यांच्याकडं बघितलं, आता बोला म्हणून.

त्या म्हणाल्या, "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी लसणाची सुपली खाली ठेवली.

"काय झालंय गं ह्या पोरीला?"

"आत्या, काय व्हायचंय? सुखात आहे म्हणतेय ती."

"व्हय, त्येच इचारते म्या. काय झालंय तिला?"

मच्छिंद्र हसला. त्या त्याच्यावरच उखडल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी ह्या घरात दहा वर्षं राहून कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"म्या लगीन हून हितं आले तवा आमच्या गावची कासारीण बांगड्या भराया यायची. तिच्याकडं म्हायेरी सांगावा धाडायची म्या. काय धाडायची? समदं बरं हाय. सासू लई जीव लावती. खायाप्यायला कमी न्हाई. माजी काळजी करू नगा, म्या सुखात हाय. आन् तवा माज्या पोटातलं पोर जाऊन धा दिस झालं व्हतं, आन् तशीच म्या धुनं धूत व्हते. आदी, चांगली व्हते तवा रडायची. पानी लांबनं आणाया लागतं, नणंद टोचून बोलती, चुलीचा धूर हुतो, समदं सांगायची. तवा कुनाला काय वाटलं न्हाई. पर हे सुखाचं ऐकलं आन् आयनं दुसऱ्या दिशी भावाला मला न्यायला धाडला. बाप म्हनत व्हता, अगं पोरगी सुखात हाय म्हंती. आय म्हनली, म्हनून तर."

मग मच्छिंद्रला म्हणाल्या, "जा, हिला घिऊन या कुनीतरी."

"आई, व्हिएतनाम हाय ते, न्हावरं न्हाई."

"मग कोन न्हाई का तिला?"

 सोनमच तेवढी म्हणाली, "मी जाते."

सासूबाई मग माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता मला झापणार. पण अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तू बी जा बाई. म्या आडवत न्हाई, तुजं तुला कळतं. पर तितनं तू बी एक दिस असंच लिवशील. आन् मला कळंल. मग म्या काय करायचं? मला इमानात कोन बसवंल?"

हर्षे, मी आत जाऊन तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून ओळीनं वाचली. पहिल्यात तू गाल दुखतात म्हणून लिहिलंस. दुसऱ्यात एकटीच मोठ्यानं बोलत होतीस. तिसऱ्यात मी ऊस नाही म्हणून ओरडलीस. एवढं सगळं स्वच्छ लिहिलेलं, आणि मी दृष्ट, ट्रॅक्टर करत बसले. मी इंग्रजीची बाई, उताऱ्यावरच्या प्रश्नांना पोरांचे मार्क कापते! आणि सासूबाईंना सही करता येत नाही.

राजीनामा परवा सोमवारी द्यायचा होता, लिहून तयार होता. मी तो देणार नाही. एजन्सीला येत नाही म्हणून कळवलं. मान्यता होईल तेव्हा होईल, न होईना. ते मी तुझ्यावर उपकार म्हणून केलं नाही, मला सासूबाईंकडं न् सोनमकडं बघून जाववेना.

तू काय लपवलंस ते मी विचारत नाही. विचारायचं तोंड मला नाही. मला लिहू नकोस हवं तर. सासूबाईंना लिही. त्या रोज विचारतात, आलं का पत्र? मी फक्त वाचून दाखवीन, शब्द इकडचा तिकडं करणार नाही.

सवी


२५ जानेवारी २०२६

पुतळाकाकी,

हर्षदाचा तुम्हाला वाकून नमस्कार. हे पत्र सवी वाचून दाखवेल. सवे, मच्छिंद्रदाजी घरी नसताना वाच.

काकी, मी इथं सुखात नाही.

डिसेंबरात एका वर्गात शिकवता शिकवता माझा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. तोंड उघडलं तर नुसती हवा. पोरांना वाटलं मी खेळ करतेय, तीही तोंडं उघडून माझ्यासारखीच हवा सोडायला लागली. सगळा वर्ग हसत होता, आणि कॅमेऱ्यात दिसतं म्हणून मीही हसत होते. डॉक्टरनं महिनाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून लानमॅडमनं मला मागच्या खोलीत बसवलंय. मी फळांची चित्रं कातरते. माझ्या वर्गांवर दुसरी बाई घेतली. लान अधूनमधून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवते, मला ऐकू येतं तरी कागदावर 'ओके?' असं लिहिते. मी मान हलवते. तिच्याही मागं वरिष्ठ आहेत, तिला तरी काय बोलायचं. आईचा फोन आला की मी उचलत नाही, नेटवर्क नाही म्हणून मेसेज करते. आवाज नाही म्हणून नव्हे. आईचा 'हॅलो' ऐकला तर मला आवरणार नाही, म्हणून.

सवीला 'ये' म्हणून लिहिलं ते तिचं समाधान व्हावं म्हणून नाही, काकी. तिचं भलं व्हावं म्हणूनही नाही. ती आली असती तर माझ्या खोलीत एक माणूस आलं असतं, मराठी बोलणारं. मी बोलले नसते तरी तिचं ऐकलं असतं. सोनम तुमच्या कुशीत आईसाठी रडत राहिली असती, हे मला दिसत होतं, आणि तरी मी लिहिलं. तेवढी मी उतरले होते. सवी मला माफ करेल, ती करते. तुम्ही नाही केलंत तरी चालेल.

तुम्ही "हिला घिऊन या" म्हणालात ते सवीनं लिहिलं होतं. ते वाचून मी मागच्या खोलीत कात्री खाली ठेवली आणि पोटभर रडले. घरी मी कुणाला कळूच दिलं नाही, त्यामुळं माझ्या आईला ते म्हणता आलं नाही. तुम्ही मला दोन-चारदाच बघितलंय, तुमच्या दारात, सवीला हाक मारताना. तरी तुम्ही म्हणालात.

सणाच्या सुट्टीत मी येते आहे, पुन्हा इथं यायचं नाही. शाळेत माझी जागा भरली गेलीय, ठाऊक आहे. चौफुल्याला आबा बसलेले असतील, त्यांच्यासमोर जायला मला अजून थोडा धीर लागेल. म्हणून पुण्याहून आधी शिरूरला, तुमच्याकडं येते. चालेल ना? एक-दोन दिवस कोपऱ्यात पडून राहीन. आवाज अजून आलेला नाही, तेव्हा तुम्ही जेवली का विचारलंत तर मी नुसती मान हलवीन, आणि जेवले नसेन तर तसं सांगेन.

न्यायला कुणी येऊ नका, काकी. माझी मी येते.

हर्षदा